आई, तुम्ही राहू द्या

माझी सून सिव्हिल इंजिनिअर आहे, हे मी भेटेल त्याला सांगते. फक्त तिला सांगत नाही. उगाच डोक्यावर बसायची.

त्यामुळे आमच्या सेवा मंडळाने परदेशातल्या बांधकामाच्या खेपेला तिला प्रमुख केलं, तेव्हा सगळ्यात आधी मी नाव दिलं. मुलगा म्हणाला, "आई, तिथे तुझं काय काम?" तो स्वतः नातीला सांभाळायला घरी राहणार होता, त्याने तर बोलूच नये. मी आयुष्यभर मुलींच्या शाळेत पीटी शिकवली. मला काम काय आहे हे विचारायची हिंमत आजवर कुणी केली नव्हती. हां, गुडघा गेलाय. इतकी वर्षं पोरींना मैदानावर पळवलं, त्याचा सूड त्याने घेतला. पण गुडघा एक आहे, हात दोन आहेत.

तिथे पोचल्यावर कळलं की या दोन हातांना कुणी विचारणार नाही. विटा उचलायला वाकले की सून म्हणायची, "आई, तुम्ही राहू द्या." वाळू चाळायला बसले, "आई, राहू द्या ना, कंबर धरेल." शेवटी तिने मला एक प्लॅस्टिकची खुर्ची आणून दिली, झाडाखाली, सावलीत. पाण्याचा थर्मासही दिला. इतक्या प्रेमाने माणसाला अडगळीत टाकता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

काम होतं बालवाडीची एक खोली बांधायचं. आधीच्या तुकड्यांनी पाया घातला होता, भिंती उभ्या केल्या होत्या आणि फोटो काढून घरी गेल्या होत्या. छप्पर राहिलं होतं. मंडळाने पुढच्या वर्षी दुसरीकडे काम घ्यायचं ठरवलं होतं, म्हणजे ही शेवटची खेप. छत आत्ता झालं तर झालं, नाहीतर त्या चार भिंतींत गवत वाढणार होतं.

आणि तोवर बालवाडी भरत होती कुठे? समोरच, रस्ता ओलांडून, बाईंच्या घरात. बाई म्हणजे तिथल्या शिक्षिका. अंगाने काडी, पण आवाज खणखणीत. त्यांच्या घराला दोनच खोल्या. स्वयंपाकघराची एक भिंत काळी रंगवून तिचा फळा केलेला. शेगडी त्याच भिंतीला लागून, म्हणून वर्ग सुरू व्हायच्या आत स्वयंपाक उरकायचा आणि शेगडी ओढून बाजूला ठेवायची. पोरं पलंगावर, पलंगाखाली, उंबऱ्यावर, जिथे जागा मिळेल तिथे. पाट्यांची चळत भांड्यांच्या फळीवर, पातेल्यांच्या शेजारी. खडूची भुकटी डाळीत पडत असणार, मला तर नक्की वाटतं. एकदा खुर्चीवर बसल्या बसल्या मी पाहिलं, एक मुलगी जागा नाही म्हणून बाहेर पायरीवर बसून खिडकीतून फळा वाचत होती.  शाळा म्हणजे मुलांना पाय पसरायला तरी जागा हवी की नको?

मंडळाचा एक नियम होता. आमचे चिटणीस काका निघण्याआधीच्या बैठकीत टेबलावर हात आपटून म्हणाले होते, "आपण द्यायला चाललोय, घ्यायला नाही! तिथल्या लोकांना कसलाही त्रास द्यायचा नाही. चहासुद्धा घ्यायचा नाही." आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या, मला काका आवडतात. इस्त्रीचा शर्ट घालून विटा उचलणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

पहिल्याच दिवशी बाई मोठी किटली आणि पेल्यांची चळत घेऊन रस्ता ओलांडून आल्या. मागे कोपऱ्यावरचा शिंपी, खांद्यावर फावडं. त्याच्यामागे तीन-चार बायका, हातात बादल्या. काकांनी हात जोडले, आमच्या गाडीच्या ड्रायव्हरला बोलावलं, तोच आमचा दुभाषा, आणि म्हणाले, "यांना सांगा, मनापासून आभार, पण तुम्ही आराम करा. आम्ही आलोय ना!" किटली परत गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, पुन्हा परत गेली. आम्ही त्यांच्या भाषेतले दोनच शब्द शिकलो होतो, 'नको' आणि 'धन्यवाद', आणि दोन्ही त्या किटलीला उद्देशून.

मग किटली यायची थांबली. रस्त्यावरची दारं अर्धी लोटलेली राहू लागली. आम्ही जाता-येता हसायचो, ते मान हलवायचे, तेवढंच. एक दिवस जेवताना काका म्हणाले, "बघा, ज्यांच्यासाठी आपण राबतोय त्यांना काही पडलेली आहे का?" आमच्या तुकडीतले दाताचे डॉक्टर म्हणाले, "चालायचंच." मीही मान डोलावली. खुर्चीवर बसून बसून माझं डोकंही बसल्यासारखं झालं होतं.

स्लॅबचा दिवस उजाडला. भिंतींवर फळ्यांचं सेंट्रिंग, म्हणजे छत ओतायचा साचा, ठोकून तयार होतं. त्यावर सळयांची जाळी, आणि जाळीची प्रत्येक गाठ डॉक्टरांनी तारेने बांधलेली. लोकांच्या दातांना तारा बांधून त्यांचा हात इतका बसला होता की तिथला, मजुरीने घेतलेला गवंडीही वाकून बघून गेला. खाली भाड्याने आणलेला मिक्सर. सून वर उभी, डोक्यावर पिवळं हेल्मेट, पायात माझ्या मुलाचे जुने बूट. रात्रभर झोपली नव्हती, मला कळतं. शेजारच्या पलंगावर मीच होते. ही तिची पहिली स्वतंत्र जबाबदारी. घरी असताना मंडळातल्या दोघा-तिघांनी "बाईमाणसाला झेपेल का" असं हळूच विचारलं होतं, आणि हळूच विचारलेलं नेहमी ऐकू येतं.

मिक्सर सुरू झाला आणि काम झपाट्याने चाललं. घमेली वर जाऊ लागली. सळयांची जाळी एका टोकाकडून ओल्या काँक्रीटखाली दिसेनाशी होऊ लागली. गवंडी पसरवायचा, सून सळईने टोचून टोचून आतली हवा काढायची. मी उठून एक रिकामं घमेलं पुढे करायला गेले.

"आई, तुम्ही राहू द्या," वरून आवाज.

मी परत खुर्चीत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तोंड फिरवून रस्त्याकडे पाहिलं, तर समोर बाई आपल्या दाराच्या पायरीवर बसलेल्या. हात मांडीवर, नजर आमच्या छताकडे. आणि तो चेहरा मला एकदम ओळखीचा वाटला. दोन्ही संघ निवडून झाल्यावर जी मुलगी मैदानाच्या कडेला उरते ना, तिचा चेहरा. ती म्हणते, मला खेळायचंच नव्हतं. असे कितीतरी चेहरे मी पाहिलेत. त्या दिवशी तो चेहरा दोघींचा होता, रस्त्याच्या अल्याड माझा आणि पल्याड बाईंचा. सून मला जे करत होती तेच आम्ही सगळे मिळून त्या रस्त्याला करत होतो. अगदी त्याच प्रेमाने!

हा विचार पुरता डोक्यात शिरतोय तोच मिक्सर खोकला. दोनदा आचके दिले आणि बंद पडला.

मिक्सरवाल्याने झाकण उघडलं, आत हात घातला, कोपरापर्यंत काळा झाला आणि काहीतरी तुटलेलं बाहेर काढून दाखवलं. ड्रायव्हर म्हणाला, "हे शहरातून आणावं लागेल. उद्या मिळेल."

छत बरोबर निम्मं झालं होतं. अर्ध्यावर ओलं करडं काँक्रीट, अर्ध्यावर उघड्या सळया.

"मग उद्या करू," काका म्हणाले.

"नाही होत काका," सून वरून म्हणाली. तिचा आवाज तिने मोठ्या कष्टाने सरळ ठेवला होता. "हे काँक्रीट आता घट्ट व्हायला लागेल. उद्याचं नवं त्याला धरणार नाही. मध्ये सांधा राहील, त्यातून पाणी झिरपेल, सळया गंजतील. मुलं बसणार आहेत त्याखाली. असं छत मी देणार नाही."

"मग?"

"हाताने कालवायचं. आत्ता, लगेच. ही कड सुकायच्या आत."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. काका, डॉक्टर, बँकेतलं एक जोडपं, कॉलेजच्या दोन मुली, गवंडी, ड्रायव्हर आणि खुर्चीतली मी. एवढ्या माणसांनी हाताने कालवून छत भरायचं म्हणजे दुसरा दिवस उजाडला असता.

"एवढी माणसं आणायची कुठून?" काका म्हणाले. हे ते भर रस्त्यात उभे राहून म्हणाले, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दारं होती.  इतके दिवस हात जोडून ज्यांना परत पाठवलं त्यांच्या दारात कुठल्या तोंडाने जायचं?

सुनेने हेल्मेट काढलं आणि मनगटाने डोळे पुसले. घाम पुसल्यासारखं केलं तिने, पण मी सासू आहे, मला फसवायला अजून वेळ आहे.

मी उठले आणि पदर खोचला.

"आई, बसा ना, तुम्ही कशाला..."

"तू तुझी कड सांभाळ!" मी म्हटलं आणि रस्ता ओलांडला.

बाई मला येताना पाहून उभ्या राहिल्या. मला त्यांच्या भाषेतले ते दोन शब्द येत होते आणि दोन्ही कामाचे नव्हते. मी सरळ मराठीत म्हटलं, "बाई, चहा द्या."

अंगठा ओठांशी नेऊन दाखवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्यामागच्या बंद मिक्सरकडे पाहिलं, वर उभ्या असलेल्या सुनेकडे पाहिलं. मग आत गेल्या. चहा तयारच होता. तो रोज तयार असायचा, फक्त आता रस्ता ओलांडत नव्हता. मी उभ्या उभ्या प्यायले, जीभ भाजली, डोळ्यांत पाणी आलं, पण पेला रिकामा करूनच खाली ठेवला. मग त्यांचं मनगट धरलं, छताकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "या ना. आम्हाला जमत नाहीये."

हे वाक्य मी जन्मात कधी बोलले नव्हते. ना मुख्याध्यापिकांसमोर, ना नवऱ्यासमोर. 

बाईंना शब्द कळले नसतील, पण बाकी सगळं कळलं. त्या वळल्या आणि त्यांनी आतलं दार उघडलं. दाराआड बादल्या होत्या. एकात एक घातलेल्या, घासून ठेवलेल्या. घमेली, फावडी, पत्र्याचे डबे, आणि डब्यांना धरायला नव्या दोऱ्या बांधलेल्या. पहिल्या दिवसापासून सगळं तिथे तसंच ठेवलेलं. इतक्या वेळा 'नको' ऐकूनही त्यांनी ते परत वाटून टाकलं नव्हतं.

मी सगळ्यात वरची बादली उचलली.  बाईंनी पायरीवर उभ्या राहून अशी हाक मारली की माझी शिट्टी खाली मान घालेल. आणि अर्धी लोटलेली सगळी दारं उघडली.

शिंपी आला, गळ्यात टेप तशीच. न्हावी आला आणि त्याच्यामागे त्याचं गिऱ्हाईक, एक गाल दाढी केलेला, दुसऱ्या गालावर फेस. बालवाडीच्या पोरांच्या आया आल्या. रोज बाकावर बसणारे आजोबा काठी टेकत आले. रस्ता भरून गेला आणि सगळे एकदम धावले. मग जे व्हायचं तेच झालं. दोघे एकमेकांवर आपटले, एक भरलेलं घमेलं रस्त्यावर सांडलं, शिंपी एका भाषेत ओरडायला लागला, डॉक्टर दुसऱ्या भाषेत.

गर्दी आणि रांग यातला फरक मला विचारा. मी पर्समधून शिट्टी काढली. ती माझ्या पर्समध्ये असतेच, औषधाच्या गोळ्यांच्या शेजारी.

शिट्टी वाजली आणि सगळा रस्ता गप्प. मी हात पसरून अंतर दाखवलं, एका हाताचं. खांदे धरून माणसं उभी केली. एक रांग भरलेल्या घमेल्यांची, वर जाणारी. दुसरी रिकाम्यांची, खाली येणारी. "एक!" म्हटलं की घ्यायचं. "दोन!" म्हटलं की वळून पुढे द्यायचं. कुणी जागा सोडायची नाही, कुणी धावायचं नाही, धावतं फक्त घमेलं.

"एक! दोन! एक! दोन!"

मोठा पत्रा अंथरून त्यावर काँक्रीट कालवायला डॉक्टर आणि शिंपी फावडी घेऊन समोरासमोर. आधी वाळू, सिमेंट, खडी कोरडीच उलटीपालटी करायची, रंग एकसारखा होईपर्यंत, मग पाणी. पाणी जास्त झालं की काँक्रीट कच्चं राहतं, म्हणून पाण्याचा मग बँकेतल्या वहिनींच्या हाती दिला. त्या कॅशियर आहेत. सुनेने वरून सांगितल्याशिवाय त्यांच्या हातून थेंब सुटेना.

"आई, खडी कमी पडतेय!" सून वरून ओरडली.

"खडी वाढवा!" मी खाली ओरडले. मग माझ्या लक्षात आलं, सून मला काम सांगत होती.

तिने ती कड ओल्या गोणपाटांनी झाकून ठेवली होती. पहिलं घमेलं तिथपर्यंत पोचलं तेव्हा तिने गोणपाट उचललं आणि कडेवर अंगठा दाबला. माझा जीव टांगणीला लागला. रांगेतल्या सगळ्यांच्या माना वर. ती वाकून बघत राहिली, अंगठा पुन्हा दाबला, आणि एकदम ताठ झाली.

"ओलं आहे! अजून ओलं आहे आई, थांबू नका!"

ड्रायव्हरने भाषांतर करायची गरजच पडली नाही. रस्त्यावर असा गलका उठला की न्हाव्याच्या गिऱ्हाइकाचा उरलेला फेसही उडाला असेल.

काका अजून बाजूला उभे होते, हाताची घडी घालून. नियम त्यांचा होता, त्यांचं अवघडणं मला कळत होतं. पण रांगेत त्यांच्यापाशीच एक जागा मोकळी पडली आणि एका बाईने भरलेलं घमेलं सरळ त्यांच्या हातात ठेवलं. भरलेलं घमेलं हातात आलं की माणसाला तत्त्व आठवत नाही, फक्त पुढचा माणूस दिसतो. काका वळले, पुढे दिलं, परत वळले. इस्त्रीच्या शर्टाचं जे व्हायचं ते झालं.

दुपारी रांगेतून किटली फिरली. बाई स्वतः एकेकाच्या ओठाशी पेला धरत होत्या, कारण कुणाचे हात रिकामे नव्हते. काकांपाशी आल्या आणि थांबल्या. सगळी रांग बघत होती. काकांनी तोंड पुढे केलं, एका दमात प्यायले.

"साखर जरा कमी आहे," ते म्हणाले.

कुणालाही शब्द कळले नाहीत आणि तरी रांगभर हशा पिकला. बाईंना मात्र बहुतेक कळलं, कारण पुढच्या खेपेला चहा गोड होता.

ऊन उतरायला लागलं तोवर माझ्या शिट्टीची गरज संपली होती. रस्ता आपोआप "एक, दोन" म्हणत होता. बाकावरचे आजोबा काठीने ठेका धरत होते. पोरं पायरीवर उभी राहून ओरडत होती, "एक! दोन!" आणि सळयांची जाळी हात-हात करत झाकली जात होती. शेवटी कोपऱ्यात सुपाएवढा तुकडा उरला.

"थांबा!" सून म्हणाली. रांग थांबली. तिने खाली माझ्याकडे पाहिलं. "आई, शेवटचं घमेलं तुम्ही आणा."

"आणि गुडघा?" मी म्हटलं. उगाच. मला ऐकायचं होतं.

"गुडघा राहू द्या."

शिंपीदादांनी घमेलं भरून माझ्या हातात दिलं. तिरक्या फळीवरून मी वर चढले. गुडघा बोंब मारत होता, मी कानाडोळा केला. मागून कुणीतरी पाठीला हात लावला होता. वळून पाहिलं तर बाई. मी घमेल्याची एक कड त्यांच्याकडे केली आणि दोघींनी मिळून ते ओतलं. सुनेने लाकडी फळीने ते सपाट केलं, एकदा इकडून, एकदा तिकडून. मग कुठेच कळेना की मिक्सरचं छत कुठे संपतं आणि रस्त्याचं कुठे सुरू होतं.

खाली टाळ्या, आरोळ्या, कुणी बादली बडवत होतं. बाई माझा हात धरून रडत होत्या आणि हसत होत्या. सून घामाने निथळत होती, नाकावर सिमेंट. मी तिच्यासमोर उभी राहिले.

"इंजिनिअर आहेस हं तू," मी म्हटलं. तिच्या तोंडावर म्हटलं, सगळ्यांसमोर. ती माझ्या गळ्यातच पडली. माझी साडी कामातून गेली. जाऊ दे.

निघायच्या सकाळी आम्ही गाडीत सामान भरत होतो. नव्या स्लॅबला बरेच दिवस पाणी द्यावं लागतं. ते कोण देणार, हा प्रश्न कुणी विचारला नाही, कारण छतावर पहाटेपासून बादल्या चालल्या होत्या. मातीचे छोटे बांध घालून वर पाणी साठवलं होतं. न्हाव्याने आपल्या दुकानाच्या दारावर पाळ्यांचा कागद लावला होता म्हणे. पुढे, आम्ही परत आल्यावर, छताखालच्या फळ्या निघाल्या आणि बालवाडी तिथे भरली, तेव्हाचा फोटो बाईंनी पाठवला. तो फोटो माझ्या फ्रिजवर लावलाय. पायरीवरची ती मुलगी त्यात पहिल्या ओळीत आहे, पाय पसरून.

बाई छतावरून खाली आल्या, ओल्या हातांनीच. ड्रायव्हरला काहीतरी म्हणाल्या. तो हसला.

"बाई म्हणतायत, तुमच्याकडे काही बांधायचं असेल तर कळवा. हा सगळा रस्ता येईल."

 काकांनी चष्मा काढून पुसला. 'नको' आणि 'धन्यवाद' यातलं 'नको' त्यांनी या वेळी गिळलं.

"कळवते की!" मी म्हटलं. "स्वयंपाकघराचा ओटा बदलायचाय. सून मनावर घेत नाही."

"आई!" सून म्हणाली. मग तिने गाडीच्या मागून अवजारांची मोठी पिशवी ओढली. हातोड्या, थाप्या, उरलेल्या तारा, सगळं त्यात. मी सवयीने हात मागे घेतला. तिने ते पाहिलं आणि पिशवी माझ्यापुढे केली.

"आई, ही जड आहे. ही तुम्ही घ्या."

मी घेतली. खांदाच निघाला जवळजवळ. पण गाडीत बसेपर्यंत मी ती खाली ठेवली नाही.